वस्तूचे दुसरे काम

दिवाळीच्या आधी घराघरांतले माळे रिकामे होतात आणि वर्षभर नजरेआड राहिलेल्या वस्तू एकदम समोर येतात. जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, विरलेल्या सुती साड्या, ऑनलाइन खरेदीबरोबर आलेले पुठ्ठ्याचे खोके, पाणी गार करणे सोडून दिलेला माठ, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, रंगाची रिकामी बादली. पूर्वी यांच्यापुढे दोनच वाटा असत. वस्तू घरातच दुसऱ्या कामाला लागे, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर जाई. आता तिसरी वाट निघाली आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत बाटलीची फुलदाणी होते, सीडीचे तोरण होते, आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड होतो. शाळांमध्ये 'टाकाऊतून टिकाऊ'च्या स्पर्धा होतात आणि सोसायटीच्या महिला मंडळात कार्यशाळा भरतात. या उत्साहामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र हेतू बाजूला ठेवून प्रत्येक वस्तूचा जमाखर्च मांडला, तर यातले बरेच उद्योग तोट्यात निघतात. उलट कोणाच्या व्हिडिओत न झळकलेले कितीतरी जुने घरगुती उपाय चोख नफ्यात दिसतात. हा फरक सौंदर्यदृष्टीचा किंवा हस्तकौशल्याचा नाही. तो तीन साध्या प्रश्नांतून कळतो. या वस्तूमुळे एखादी नवी खरेदी टळली का? जुन्या वस्तूच्या अंगचा गुण वापरला गेला का? आणि हे दुसरे काम संपल्यावर तिची पुढची वाट मोकळी राहिली का? या तिन्हींना होकार मिळाला तरच तो पुनर्वापर. एरवी ती कचऱ्याची लांबवलेली मुदत.

सगळ्यात लोकप्रिय उदाहरण काचेच्या बाटलीचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. बाटलीला चिकटद्रव्य लावायचे, त्यावर सुतळी गुंडाळायची, वर लेस, टिकल्या, सोनेरी स्प्रे आणि प्लास्टिकची दोन फुले. घरातली वस्तू फक्त बाटली. बाकी सारे दुकानातून आणलेले. म्हणजे एक वस्तू वाचवायला पाच नव्या घेतल्या. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते आणि तिचा दर्जा उतरत नाही, हा तिचा मोठा गुण. स्वच्छ बाटली भंगारात गेली तर ती धुऊन पुन्हा भरली जाते किंवा फोडून भट्टीत जाते. चिकटद्रव्य, दोरा, रंग आणि प्लास्टिक एकजीव झालेली बाटली मात्र काचेच्या ढिगात कोणी घेत नाही, कारण ती सोडवायला लागणारा वेळ तिच्या किमतीपेक्षा महाग पडतो. फुलदाणीवर दोन पावसाळे धूळ बसली की ती थेट कचराकुंडीत जाते. ॲल्युमिनियमच्या कॅनचे तर याहून वाईट. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुने वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. असा कॅन रंगवून, मणी चिकटवून पेन ठेवायला वापरणे म्हणजे सर्वात सहज परत येणारा धातू चक्रातून काढून घेणे. तिसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. वेगवेगळे पदार्थ चिकटवून एक केले की त्यांची किंमत जाते. घरगुती उद्योगाचा एकच नियम सांगायचा झाला तर तो हा: शिवा, बांधा, खोवा, रचा, चिकटवू नका.

या नियमाची उत्तम साक्ष गोधडी देते. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. उत्तर कर्नाटकात कौदी, बिहारमध्ये सुजनी, बंगालमध्ये कांथा. प्रांत बदलला तरी युक्ती एकच: झिजलेल्या सुती कापडाचे थर एकमेकांवर अंथरायचे आणि साध्या धावदोऱ्याने शिवायचे. इथे जुनेपणा हाच गुण आहे. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ निघून गेलेली असते, धागे मऊ झालेले असतात. नव्या कापडाची गोधडी अंगाला टोचते, जुन्याची टोचत नाही. एकेकटा थर हाताने फाटेल इतका विरलेला असला तरी सात-आठ थर एकत्र आल्यावर ओढ सगळ्यांवर वाटली जाते, आणि जवळजवळ घातलेले टाके कोणत्याही एका ठिकाणी ताण साठू देत नाहीत. ऊब कापडातून कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेतून जास्त येते. नऊवारी लुगडे आठ मीटरांच्या आसपास भरते, त्यामुळे दोन-तीन लुगड्यांत मोठ्या माणसाची गोधडी सहज निघते. शिवताना त्यातल्या त्यात धड कापड वरच्या आणि खालच्या थराला, विरलेले मधल्या थरांना. काठ उसवून वेगळे ठेवायचे आणि शेवटी किनारीला लावायचे. टाके कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत जायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. वरचा थर झिजला की त्यावर दुसरे जुने पातळ घालून पुन्हा टाके घालतात. कितीतरी गोधड्यांच्या पोटात आधीची गोधडी असते. नवे पांघरूण विकत घ्यावे लागले नाही, कापडाचा मऊपणा कामी आला, आणि सारे सुती असल्याने अखेरीस त्याचे पायपुसणे, पोतेरे आणि माती होते. पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी मात्र घाम शोषत नाही, विरत नाही आणि कुजतही नाही. पद्धत तीच, पदार्थ वेगळा. म्हणून हिशेबही वेगळा.

कापडाबाबत एक मोजमापही हाताशी आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांची तुलना प्रसिद्ध केली. दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायचे, तर नव्या सुती पिशवीला केवळ हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबाने किमान ५२ वेळा, आणि पाणी, ओझोन यांसह सर्व परिणाम धरले तर ७,१०० वेळा वापरावे लागेल, असे त्यात निघाले. प्लास्टिक पिशवीच बरी, असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी यातून काढला. तो चुकीचा आहे. नाल्यात, समुद्रात आणि गुरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्यांचा परिणाम त्या मोजणीत धरलेला नव्हता. त्या आकड्यांतून निघणारी खरी गोष्ट अशी, की कापसाच्या पिशवीचे बहुतेक ओझे कापूस पिकवताना आणि कापड विणताना पडते. ते ओझे ज्या कापडाने आधीच सोसले आहे, त्याची पिशवी शिवली तर नव्या खर्चात फक्त दोरा. जीन्सच्या एका पायाची पिशवी म्हणूनच चांगली निघते: कापड जाड, बाजूची शिवण कारखान्यातच दुहेरी घातलेली, फक्त तळ शिवायचा आणि कमरेच्या पट्टीचे बंद लावायचे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा दुकानांत नव्या कापडी आणि 'कापडी दिसणाऱ्या' पिशव्यांचा पूर आला. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या न विणलेल्या पिशव्यांपैकी बहुतेक पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच होत्या. बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे देणाऱ्या समाजाला जुन्या कापडाची किंमत कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. तरी प्रत्येक समारंभात नवी छापील पिशवी वाटण्याची प्रथा पडलीच.

स्वयंपाकघरात दुसरा प्रश्न, म्हणजे अंगच्या गुणाचा, सर्वात स्पष्ट दिसतो. जॅमची काचेची बरणी लोणच्याला चालते, कारण काचेवर आंबटाचा आणि मिठाचा परिणाम होत नाही. पण तिचे पत्र्याचे झाकण त्याच मिठाने गंजते. म्हणून बरणी ठेवावी आणि झाकण बदलावे, किंवा जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घेऊन दादरा बांधावा. कोकणात आणि गोव्यात करवंटीला बांबूचा दांडा बसवून डवला करतात: करवंटीचा खोलगटपणा तयारच असतो, ती उष्णता हाताकडे येऊ देत नाही आणि मातीच्या भांड्याला ओरखडे पाडत नाही. नारळाचा काथ्या भांडी घासायला आणि पुढे कुंडीच्या तळाशी ओल धरायला. तेलाचा चौकोनी पंधरा किलोचा डबा गावोगाव धान्यासाठी वापरला जातो, कारण घट्ट झाकणाचा पत्रा उंदरांना कुरतडता येत नाही. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्यांनी पुढे कितीतरी घरांत पीठ सांभाळले आणि गंजल्यावर तळाला भोके पाडून तुळसही वाढवली. तुटक्या बांबूच्या सुपाला आणि टोपलीला रद्दीचा लगदा लावण्याची पद्धतही अशीच. कागद रात्रभर भिजवून मळायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि पातळ थर देऊन कडक उन्हात वाळवायचे. मेथीतला डिंक तंतूंना धरून ठेवतो आणि तिच्या कडवटपणाने किडे लांब राहतात. या टोपलीत खाण्याची वस्तू ठेवायची असेल तर वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या वह्यांचा कागद घ्यावा. पाणी लागले तर टोपली विरघळेल. पण विरघळून उरेल तो कागद आणि बांबूच.

गुण ओळखणे म्हणजे काय, हे जुन्या माठावरून नेमके कळते. माठातले पाणी गार होते ते भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरून बाहेर सुकते म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढी उष्णता ५५ ते ६० लिटर पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरवायला पुरते. दोन-तीन उन्हाळ्यांनी पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात, पाझर थांबतो आणि माठ 'मरतो'. हा माठ बागेत झाडापाशी पुरून थेंबथेंब पाणी द्यावे, असे सर्रास सुचवले जाते. पुरलेल्या मडक्याने सिंचन करण्याची युक्ती फार जुनी आहे. चीनमधल्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या फान शंग-चीच्या शेतीग्रंथात तिचे वर्णन येते. पण ती कोऱ्या, पाझरत्या मडक्याची युक्ती. ज्याची छिद्रे बुजली म्हणून तो टाकला, तोच माठ मातीत पुरला म्हणून पाझरणार नाही. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून ते तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवतात. पाणी वातीतून मुळांकडे झिरपते. वर झाकण ठेवले की डास होत नाहीत आणि बाष्पही उडत नाही. रेताड गारव्याची पेटीही, म्हणजे दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून भाजी ठेवण्याची सोय, पाणी सुकण्यावरच चालते, म्हणून हवेवर अवलंबून असते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली चालते, तर रत्नागिरीच्या दमट हवेत फारशी नाही. एकाच वस्तूचा एका गावात फायदा आणि दुसऱ्या गावात तोटा होतो, तर 'दहा सोप्या युक्त्या' सगळ्यांना सारख्या लागू पडतील कशा?

हा कार्यकारणाचा धागा शिक्षणात ज्यांनी सर्वात चिकाटीने धरला ते अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये पदवी घेऊन ते पुण्यात टेल्कोत लागले, आणि १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे आगकाड्या आणि सायकलची बारीक व्हॉल्व ट्यूब यांतून त्यांनी बांधणीचा संच उभा केला. ट्यूबच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खोचल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण हलवून हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. कर्णाची एक काडी घातली की तोही ताठ होतो. रेल्वे स्थानकाचे छत आणि विजेचा मनोरा त्रिकोणांचे का बांधतात, हे मुलाला व्याख्येशिवाय कळते. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, त्यांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत खुल्या केल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या खेळण्यांमध्ये चमकी नसते आणि ती जपून ठेवायचीही नसतात. मोडून बघणे हाच खेळ. शाळांतल्या बहुतेक स्पर्धांत याच्या उलट होते. गुण मिळतात ते दिसण्याला, त्यामुळे पालक आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून कार्डशीट, फोम आणि ग्लू गनच्या कांड्या आणतात आणि टाकाऊ वस्तू केवळ नावाला आत राहते. परीक्षकांनी एकच बदल केला तरी चित्र पालटेल: प्रत्येक वस्तूसोबत 'यासाठी काय विकत आणले' आणि 'हे सुटे कसे होईल' या दोन ओळी मागाव्यात आणि गुण त्यांनाही द्यावेत.

सुटे होण्याचा मुद्दा मुलांनी खरे तर दिवाळीतच सिद्ध करून ठेवलेला आहे. किल्ल्याला लागते काय? विटा, दगड, फुटकी कौले, एखादे खोके, वर टाकायला गोणपाट आणि चिखल. गोणपाटाच्या जाड विणीत चिखल धरून राहतो, म्हणून उतारावरची माती ओघळत नाही. त्याच ओलीवर अळीव-मोहरी उगवते. बुरूज रचलेले, तट लिंपलेले. चिकटवलेले काहीच नाही. दिवाळी झाली की विटा ढिगाला, माती बागेत आणि गोणपाट धुऊन पुन्हा कोपऱ्यात जाते. एवढ्या मोठ्या रचनेतून कचरा जवळजवळ शून्य. बाजारात तयार मिळणारे प्लास्टर ऑफ पॅरिसचे किल्ले जागा कमी घेतात आणि झटपट होतात, पण तुटल्यावर त्यांचे काही होत नाही. गणपतीच्या मखराचीही हीच कथा. २०१८ च्या बंदीत थर्माकोल गेल्यावर पुठ्ठ्याची मखरे आली. पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी घडी उभी ठेवली तर तो चांगला भार घेतो, आडवी ठेवली तर वाकतो. हे लक्षात घेऊन खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले मखर दहा दिवसांनी सपाट घडी होऊन पुढच्या वर्षापर्यंत कपाटामागे राहते. त्यावर चकचकीत फॉइल चिकटवले की तोच पुठ्ठा रद्दीवाला नाकारतो.

काही वस्तूंना मात्र दुसरे काम द्यायचेच नसते, आणि पुनर्वापराच्या उत्साहात नेमके हेच सांगायचे राहून जाते. वर्तमानपत्रात गरम वडे बांधू नयेत, अशी सूचना एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली, कारण तेलाबरोबर शाईतली द्रव्ये पदार्थात उतरतात. तीच रद्दी इतर कामांना मात्र उत्तम. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम पुण्यात कचरावेचकांनी चालवली. एका रद्दीच्या कागदाने दुसऱ्या माणसाचा हात वाचतो. कीटकनाशकाचे डबे धुऊनही पाण्यासाठी वापरू नयेत. दवाखान्यात वापरलेल्या सलाइनच्या नळ्या झाडांना ठिबकसाठी सुचवल्या जातात, पण २०१६ च्या नियमांनुसार तो जैववैद्यकीय कचरा आहे आणि निर्जंतुक केल्याशिवाय तो घरी आणणे धोक्याचे. जुना पाळणा घासून रंगवण्याआधीही थांबावे: घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगाच्या भुकटीत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. टायरच्या कुंड्या दिसायला छान, पण आतल्या खोबणीत पावसाचे पाणी साठले तर आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पिढी तयार होते. भोके न पाडता लटकवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचेही तेच. शिवाय उन्हाने त्या ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे मातीत मिसळतात. बाटलीचे नेमके कामही आहेच. ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ मध्ये पाणी आणि थोडे ब्लीच भरलेली बाटली छपरात बसवली. पाण्यातून वळलेला उजेड घरात पसरतो आणि ४० ते ६० वॉटच्या दिव्याइतका पडतो. पण त्यासाठी पत्र्याचे छप्पर, दिवसाचे ऊन आणि खिडकी नसलेली खोली लागते. फ्लॅटमध्ये ती बाटली शोभेचीच.

आता आक्षेप. पहिला भंगार गोळा करणाऱ्यांच्या बाजूने येतो: तुम्ही सगळे घरातच वापरले तर त्यांनी काय विकायचे? हा प्रश्न गंभीर आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. या कष्टकऱ्यांची कमाई त्यातल्या कोरड्या मालावर अवलंबून असते. म्हणूनच वरचे तीन प्रश्न त्यांच्या बाजूचे आहेत. स्वच्छ काच, ॲल्युमिनियम, पुठ्ठा यांना चांगला भाव मिळतो. त्यांना घरात विशेष काम नसेल तर ते स्वच्छ ठेवून द्यावेत, फुलदाणी करून बिघडवू नयेत. घरी वापरायचे ते प्रामुख्याने असे, ज्याला भंगारात किंमत नाही: विरलेले सुती कापड, करवंट्या, फुटकी मडकी आणि ओला कचरा. भोके पाडलेल्या रंगाच्या बादलीत ओला कचरा आणि सुका पाला थर देऊन घातला, अधूनमधून ढवळला आणि वास येऊ लागला तर पाला वाढवला, की काही आठवड्यांत खत तयार होते आणि कचरावेचकाच्या हाती सुका, स्वच्छ माल येतो. दोघांचाही फायदा एकाच बादलीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: घरातल्या चार पिशव्यांनी काय होणार? शहरांचे कचऱ्याचे डोंगर पिशवी न शिवल्यामुळे उभे राहिलेले नाहीत. हे खरेच आहे, आणि त्यात आणखी एक धोका आहे. जेसी कॅटलिन आणि यिटाँग वांग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुनर्चक्रणाची सोय समोर दिसली की लोक कागद अधिक वापरतात असे आढळले. 'वाया तर जात नाही' ही भावना हात सैल करते. बाटलीची फुलदाणी होणार आहे या समाधानात आणखी बाटल्या विकत घेतल्या, तर सगळा उद्योग उलटा पडतो. म्हणून पहिला प्रश्न पहिला ठेवला आहे: नवी खरेदी टळली का? ज्या उद्योगाने ती टळत नाही तो छंद म्हणून करावा, पर्यावरणाच्या नावावर जमा करू नये. आणि उत्पादकाची जबाबदारी घरावर ढकलण्यालाही हरकत घ्यायलाच हवी. सुटा भाग न मिळणारा मिक्सर आणि बॅटरी चिकटवलेला फोन कोणत्याही गृहिणीच्या कल्पकतेने सुधारत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही सुरू केले; ती दिशा योग्य, पण तिला कायद्याचे बळ मिळेपर्यंत भार ग्राहकावरच राहणार.

तिसरा आक्षेप श्रमांचा आहे, आणि तोच सर्वात महत्त्वाचा. गोधडीचे कौतुक करताना ती कोणाच्या दुपारी खाऊन शिवली गेली, हे विसरले जाते. घरातल्या बाईच्या वेळेला किंमत धरली नाही म्हणून गोधडी 'फुकट' पडत होती. शिवाय गरिबाने फाटके सांधणे ही निवड नसते, आणि त्याला काटकसरीचे धडे देणे असभ्यपणाचे. यावर उत्तर असे, की श्रम हिशेबात धरावेत, म्हणजे सगळेच करण्याचा आग्रह आपोआप गळून पडतो. बरणी धुऊन ठेवायला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा वर्षे चालते, जीन्सची पिशवी तासाभराचे काम, गोधडी आठवड्यांचे. पहिली दोन कोणीही करावीत, घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही. तिसरे काम जमत नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना रास्त पैसे देऊन करून घ्यावे. जुनी गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेणे, पितळी भांड्याला कल्हई लावून घेणे, चपलेचा अंगठा चांभाराकडून शिवून घेणे हेही वस्तूला दुसरे आयुष्य देणेच आहे. ते स्वतःच्या हाताने झाले पाहिजे असे कुठे लिहिले आहे? काटकसरीचे कौशल्य टंचाईतून आले असले तरी आज त्याची खरी गरज आहे ती दर आठवड्याला खोकी उघडणाऱ्या घरांना. हिशेब त्यांनीच मांडायचा आहे.

उरतो आनंदाचा मुद्दा. सुंदर दिसावे, हातांनी काही करावे, मुलांनी रंगात बुडावे. सगळे उपयोगाच्या काट्यावर का तोलायचे? तोलू नये. मात्र आनंदाला आनंद म्हणावे. नॉर्टन, मोचन आणि एरिएली यांनी २०१२ मध्ये दाखवले, की माणूस स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत अवाजवी लावतो. आपली फुलदाणी आपल्याला उपयोगी वाटते त्याचे एक कारण हेही आहे. उपयोग आणि सौंदर्य यांचे वैरही नाही. वाकळीवरच्या तुकड्यांची रंगसंगती किंवा कांथ्यावरचे नक्षीटाके संग्रहालयांनी जपले आहेत, आणि ते टाके मुळात थर धरून ठेवण्यासाठी घातलेले असतात. कामातून उगवलेली शोभा कामाबरोबर टिकते. वरून चिकटवलेली आधी निघून येते.

या सगळ्या खटाटोपाची खरी मिळकत शेवटी वस्तूपेक्षा माहितीत आहे. ज्याने एकदा साडी उसवली आहे त्याला सुती आणि मिश्र धाग्यातला फरक बोटांनी कळतो. ज्याने खोके उलगडले आहे त्याला पुठ्ठ्याची आतली घडी ठाऊक असते. ज्याने बंद पडलेला पंखा उघडायचा प्रयत्न केला त्याला स्क्रू आणि चिकटद्रव्य यांतला फरक कायमचा पटतो. हे ज्ञान दुकानात उपयोगी पडते. हे उघडते का? सुटा भाग मिळतो का? झाकण वेगळे मिळेल का? कापड कशाचे आहे? असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली की कारखानदारांना वस्तूच्या दुसऱ्या कामाचा विचार तिच्या पहिल्या कामाआधी करावा लागेल. तोपर्यंत प्रत्येक घराने वर्षाला चार-दोन गोष्टी करून पाहाव्यात, पण निवडून. आणि त्यातली जी नवी खरेदी टाळत नाही ती बिनदिक्कत सोडून द्यावी.